बाटली आडवीच हाय

नदीकाठचं घर, ता. शिरूर
शुक्रवार, दुपारच्या जेवणानंतर

श्री. सावळारामआप्पा यांना व्याही या नात्याने, रेल्वेचे माजी गार्ड या नात्याने, आणि निवृत्तीच्या तोंडावर सरकारने पदाचं नाव बदललं म्हणून ट्रेन मॅनेजर या नात्यानेही, पोपटरावचा तीन वेळा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं सुरुवातीलाच लिहून टाकायची रीत आहे, म्हणून लिहून टाकतो. किती ठीक आहे ते पुढे येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला जिना उतरताना तुम्ही ‘उजवा’ म्हणालात आणि चढताना ‘डावा’, तेव्हा दोन्ही गुडघ्यांची चौकशी केली असं समजा. विहीणबाई धुरपदाबाईंची शुगर आटोक्यात असेल. (त्यांना नमस्कार सांगा, आणि बिनसाखरेच्या चहाबरोबर खारी आणि नानकटाई खाल्ली तर ती शुगरला कळते, हेही सांगा.) तुम्ही अजून दौंड स्टेशनातल्या गाड्यांचे भोंगे घरात बसून ऐकता, घड्याळ बघता आणि ‘लेट’ म्हणता, असं तुमची लेक, आमची सून हर्षदा सांगते. म्हणत जा. निवृत्त माणसाला काहीतरी काम पाहिजे. मीही एसटीतून सुटल्यापासून सकाळी फाट्यावर जाऊन गाड्यांवर नजर ठेवतो. फरक इतकाच की आमच्या एसटीला लेट म्हणायची पद्धत नाही; ती येते तीच तिची वेळ.

फोन का केला नाही, असं विचाराल. मागच्या रविवारी आपला फोन झालाच होता, त्याला फोन म्हणायचं तर म्हणू. तुम्ही बोललात आणि ठेवलात. गाडीच्या शेवटच्या डब्यात सगळी नोकरी एकट्याने काढल्यामुळे समोरूनही कुणी बोलत असतं ही सवय तुम्हाला राहिलेली नाही, हे मी समजू शकतो. (माझंही फार वेगळं नाही. शिरूर डेपोत कंट्रोलर म्हणून केबिनीत बसून माइकवर बोलण्यात माझी नोकरी गेली, आणि माइकला कुणी उलट उत्तर देत नाही.) तेव्हा आपण दोघे एका फोनवर म्हणजे एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या. पत्र बरं. पत्र मध्येच ठेवून देता येतं, पण निदान ते लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही. हे पत्र दौंडच्या गाडीवरच्या रोहिदास कंडक्टरच्या हाती देतोय. तो माझ्या हाताखाली शिकलेला आहे, संध्याकाळपर्यंत तुमच्या दारात टाकेल.

तर त्या फोनबद्दल. तो स्पीकरवर होता, त्यामुळे “पोर बाटली घेत न्हाई ना? मग सोड ती नोकरी. तुझ्यावाचून कंपनी बंद पडायची न्हाई. येत्या रविवारी येतो आन् दोघींना दौंडला आणतो,” हे आमच्या सगळ्या घराने ऐकलं, आणि खिडकी उघडी असल्यामुळे शेजारच्या ज्योतिबानेही. हर्षदा तेव्हा बाळाची दुपटी घडी करत होती. तुम्ही ठेवल्यावरही तिने तेच दुपटं उलगडून पुन्हा घडी केलं, मग पुन्हा. तुमची लेक आहे, तुम्ही बोलू शकता, त्यात मी पडत नाही. पण मुद्दा काय आहे तो एकदा कागदावर येऊ द्या. बाळंतपणाची रजा संपली. सोमवारी सकाळच्या पाळीला तिला रांजणगावला हजर व्हायचं आहे, आणि आता वाढीव रजा मिळत नाही हे कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे. आधी कितीतरी दिवस ती कंत्राटावर होती, मग परमनंट झाली, क्वालिटीत. ही नोकरी तुम्ही लावली नाही, मी लावली नाही, तिने मिळवली. (भाकरीची कडसुद्धा ती बोटाने दाबून बघते. खाताना काही बोलत नाही, पण आमच्या मंडळींना, वच्छलाबाईंना, कळतं की माल रिजेक्ट झाला.) आणि ती सगळी नोकरी अडली होती ठकीच्या तोंडाशी. ठकी, म्हणजे तुमची-आमची नात. कागदोपत्री शार्वी, पण शार्वी अशी हाक मारली की ती कुणाला बोलावताहेत म्हणून इकडेतिकडे बघते. तिला आईचं दूध चालतं, आईकडून. तेच दूध, त्याच आईचं, बाटलीतून दिलं की ती असं तोंड करते, जसं काही आम्ही तिला फसवतोय. आणि आई कामावर गेल्यावर दिवसभर तिने काय प्यायचं?

आता ‘बाटली’ या शब्दापाशी जरा थांबावं लागेल, कारण आमच्या घरात तो शब्द उच्चारायला बंदी आहे. तुम्हाला ठाऊक आहे की आमच्या गावातलं दारूचं दुकान बायकांच्या मतदानाने बंद झालं, आणि त्या बायकांच्या पुढारी आमच्या वच्छलाबाई होत्या. त्या मतदानात उमेदवार नव्हते, दोन बाटल्या होत्या. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी उठल्यापासून “आडवी! बाटली आडवी!” हिने झोपेतही एकदा माझ्या खांद्याला हलवून ‘आडवी’ म्हटलं, मी म्हटलं मी आडवाच आहे. मतं मोजली, आडवी बाटली धो धो मतांनी निवडून आली, गुलाल उडाला, आणि त्या गुलालात आमच्या मंडळींनी चावडीपुढे जाहीर केलं की या हातात जन्मात कधी बाटली धरणार नाही. सभेत माणूस बोलून जातो. पण वच्छलाबाई बोललेलं पाळतात ही आमची अडचण आहे. तेव्हापासून त्या खोबरेल तेलही डबीतलं घेतात आणि फिनेल मला ओतायला लावतात. अशा घरात आमच्या हनुमंताने शिरूरहून दुधाची बाटली आणली ती शर्टाच्या आत लपवून, चोरासारखी. तुमचा जावई काही भित्रा नाही, पण आई ती आई.

बाटलीच्या आधी पंप आला. (आप्पा, तुम्ही विहीणबाईंना हा भाग वाचून दाखवताना सांभाळून वाचा. मी तरी काय करू, विषयच असा आहे.) दूध काढून ठेवायला तो लागतो. हनुमंत फाट्यावर उतरून “पंप आणलाय” एवढंच बोलला आणि ज्योतिबाने विचारलं, किती एचपीचा? हनुमंत म्हणाला, लहान आहे. मग इहिरीला पुरंल का, असं ज्योतिबाने काळजीने विचारलं. त्यावर हनुमंताने पुरेल म्हणून सांगितलं आणि तो घाईने घरी आला. दुसऱ्या दिवशी ज्योतिबा आमच्या विहिरीत डोकावताना दिसला. इथवर ठीक होतं. पण नंतर माझ्या आवाजाने घात केला. माझा आवाज तुम्ही ऐकला आहे. स्टँडवर माइक बंद पडला तरी माझी नगर गाडी लागल्याची सूचना मार्केट यार्डापर्यंत जायची. मी फाट्यावर उभा राहून हर्षदाला फोन लावला आणि विचारलं, “आज बाटली घेतली का? थोडी तरी घेतली का? न्हाई? रडती? असू दे, संध्याकाळी मी आलो की दोघं मिळून बघू.” फाट्यावरच्या टपरीत एकदम शांतता झाली. मला वाटलं, लोक नातीची काळजी करताहेत. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की आडव्या बाटलीच्या अध्यक्षीणबाईंच्या घरी सासरा सुनेला बाटली लावतोय. ज्यांची दारू बंद झाली होती त्यांना ही बातमी किती गोड लागली असेल, तुम्हीच विचार करा.

आता प्रयत्नांविषयी. सगळ्यात आधी हर्षदाने स्वतः देऊन पाहिलं. पण आईच्या मांडीवर बसून आईचं दूध बाटलीतून पिणं म्हणजे घरासमोर एसटी उभी असताना चालत शिरूरला जाण्यासारखं आहे. ठकी कशाला ऐकेल! तिने बाटलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि जिकडे जायचं तिकडे तोंड घातलं. मग मी पुढे झालो. तुम्हाला माहीत आहे, माझ्या वडिलांची मेंढरं होती, आणि आई नसलेल्या कोकरांना बाटली लावायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं की ज्याने एवढी कोकरं वाढवली त्याला एक लेकरू काय जड आहे. कोकराला दोन गुडघ्यांत उभं धरायचं, मान वर करायची, बाटली वरून उलटी द्यायची. ते शेपूट हलवत संपवतं. ठकीला मी तसंच गुडघ्यांत धरलं, बाटली वर उभी धरली, आणि दूध एकदम घशात गेलं. ती खोकली, लाल झाली, आणि तोंडात होतं तेवढं सगळं तिने माझ्या मिशांवर परत पाठवलं. शेपूट नसल्यामुळे तिला आवडलं की नाही हे आधी कळायला मार्ग नव्हता. हर्षदा काही बोलली नाही, पण तिने पोरगी माझ्याकडून घेतली, आणि दोन दिवस मला बाटलीच्या जवळ येऊ दिलं नाही. वच्छलाबाई मात्र बोलल्या. ते लिहीत नाही.

मग हनुमंताची पाळी. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला. एका बाईंनी सांगितलं होतं की बाळाला आईचा वास आला की ते घेतं. म्हणून हा आमचा सहा फुटी मुलगा हर्षदाची ओढणी डोक्यावरून गुंडाळून पलंगावर बसला आणि ठकीला मांडीवर घेऊन बारीक आवाजात ‘घे गं माझी राणी’ म्हणू लागला. ठकीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि खदखदून हसली. अर्धा तास हसत होती. बाटली पुढे केली की थांबायची, मागे घेतली की पुन्हा हसायची. तेवढ्यात दारात त्याच्या कंपनीतले सुपरवायझर उभे, सुट्टीच्या अर्जावर सही राहिली म्हणून आलेले. हनुमंताने ओढणी काढायच्या ऐवजी आणखी तोंडावर ओढली आणि आत पळाला, ते बिचारे मला म्हणाले, “वहिनी लाजाळू दिसतात.” हर्षदा स्वयंपाकघरात होती. पुष्कळ दिवसांनी हसली ती.

तुमचं चांदीचं बोंडलंही वापरून झालं, बारशात दिलेलं. चांगलं आहे, जड आहे. त्यातलं दूध थोडं पोटात जातं, थोडं मानेखाली आणि बरंचसं उजव्या कानात. पाळीभराचं दूध त्या मार्गाने पोचवायचं तर एक माणूस कान पुसायलाच ठेवावा लागेल. या सगळ्या धावपळीत हर्षदा रोज ठकीला झोपवताना अंगाई म्हणत नाही, तुमची गाडी सांगते. आजोबांनी हिरवी झेंडी काढली, आजोबांनी झेंडी हलवली, ड्रायव्हरने भोंगा दिला, निघाली गाडी. ठकी झोपली नाही तर म्हणते, अजून आजोबांची झेंडी नाही, गाडी उभीच आहे. लहानपणी तुमचा डबा घेऊन ती फलाटावर यायची आणि तुमचा हात वर होईपर्यंत थांबायची, असं तिनेच सांगितलं. (ती झेंडी तुमच्या बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलेली मी पाहिली आहे. जमा करायची राहून गेली असं तुम्ही म्हणालात, आणि मी मान डोलावली.)

शेवटी मी आणि हनुमंत शिरूरला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांच्या दारात ही रांग, पण भले माणूस, त्यांनी समजावून सांगितलं. जबरदस्ती करू नका, ती भुकेने कळवळायच्या आधीच द्या, दूध कोमट असू द्या, आणि आई घरात नको, नुसती दुसऱ्या खोलीत नको, घराबाहेरच पाठवा. उठता उठता ते म्हणाले, “आणि हां, ती आडवी धरा. उभी धरली की एकदम घशात जातं.” आम्ही दोघांनी मान हलवली. आता सांगा आप्पा, मराठीत बाटली ती, आणि आमची ठकीही ती. आम्हाला वाटलं ठकीबद्दलच बोलताहेत; कोकरासारखी उभी धरून मी एकदा घोटाळा केला होताच. घरी येऊन आम्ही ठकीला मांडीवर सपशेल आडवी केली आणि बाटली वरून सरळ उभी धरली. म्हणजे डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं, आणि तेही मोठ्या निष्ठेने. नातू असता तर ते ‘तो’ म्हणाले असते की ‘ती’, एवढ्यावरच सगळं कळलं असतं. (नातू हवा होता असं नाही. ठकीच हवी. नुसती व्याकरणाची अडचण सांगतो.) ठकी दूध तोंडात पडलं की मूठ आवळायची, पाय झाडायची, मान फिरवायची. आम्ही म्हणायचो, डॉक्टरांनी सांगितलंय, आडवीच धरायची. दोन दिवस हे चाललं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्षदा एवढंच म्हणाली, “राहू द्या मामा. तिचे हाल करू नका. आप्पा म्हणत्यात तसंच करते.” तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो आणि ज्योतिबाने विहिरीचं पाणी कसं आहे विचारलं तर त्याच्यावर ओरडलो.

काल गुरुवारी शेवटचा प्रयत्न म्हणून हनुमंताने हर्षदाला गाडीवर बसवून शिरूरला नेलं, ब्लाउज शिवायला टाकायचं निमित्त काढून. घरात मी, ठकी आणि स्वयंपाकघरात तोंड फिरवून वच्छलाबाई. त्या बाटलीकडे बघतही नसत. भाकऱ्या थापत होत्या, पण थापण्याचा आवाज मध्येच थांबायचा तेव्हा मला कळायचं की कान इकडे आहेत. मी ठकीला आडवी केली, बाटली उभी केली, ठकीने भोकाड पसरलं. दोनदा झालं, तीनदा झालं. आणि मग काय झालं ते वच्छलाबाईंनाही सांगता येणार नाही. पिठाच्या हातांनी त्या दारात आल्या, बाटली बघितली आणि महिनाभर गावभर ओरडत फिरल्याची सवय एकदम उसळून वर आली. “आडवी!” म्हणाल्या. “आडवी करा! बाटली आडवी करा!” असा आवाज मी मतदानानंतर प्रथमच ऐकला. मी घाबरून बाटली आडवी केली. दूध पडायचं थांबलं. ठकी रडायची थांबली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की डॉक्टर कुणाला ‘ती’ म्हणाले होते.

वच्छलाबाईंनी हात पुसले. ठकीला माझ्याकडून घेतलं, मांडीवर नीट बसती केली, पाठीला हाताचा टेका दिला, आणि दुसरा हात पुढे केला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. “द्या की,” म्हणाल्या. मी बाटली दिली. त्यांनी ती आडवी धरली, रबरी बोंडाचं टोक ठकीच्या ओठाला नुसतं लावलं, आणि वाट पाहिली. ठकीने चाटलं. थांबली. आजीकडे पाहिलं. मग ओढू लागली. थोडं ओढायची, थांबायची, आजी बाटली जरा खाली करायची, ती पुन्हा मागायची. आणि नेमक्या त्याच वेळी अंगणात महिला मंडळ हजर, चार जणी, पुढे सारजाबाई. त्या अफवेचा सोक्षमोक्ष लावायला आल्या होत्या, अध्यक्षीणबाईंच्या घरात बाटली आहे की नाही याचा. उंबऱ्यात त्यांनी पाहिलं तर अध्यक्षीणबाईंच्या हातात बाटली. सारजाबाई म्हणाल्या, “वच्छलाबाई! तुमच्या हातात?” आमच्या मंडळींनी मान वर केली नाही. “नीट बघ,” म्हणाल्या, “आडवीच हाय.” आप्पा, मी डेपोत पुष्कळ भांडणं मिटवली, पण चार माणसं एका वाक्यात अशी गप्प झालेली मी पाहिली नाहीत. नंतर त्या चौघी तिथेच बसल्या आणि ठकी पिते कशी ते बघत राहिल्या. शेवटचा थेंब गेला तेव्हा सारजाबाईंनी टाळी वाजवली, आणि ठकी दचकून रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

संध्याकाळी हर्षदा आली. वच्छलाबाईंनी तिला रिकामी बाटली दाखवली. तिला फार आनंद झाला. आज सकाळीही ठकीने आजीकडून घेतली, दुपारी माझ्याकडूनही घेतली. (माझ्याकडून घेताना एक डोळा मिशांवर ठेवून होती.) तेव्हा अडचण मिटली आहे. रविवारी तुम्ही दोघींना न्यायला येऊ नये. गुडघा सांभाळून घरीच आराम करावा, ही नम्र सूचना. विहीणबाईंना निरोप पोचता करावा. तुमच्या गाड्या वेळेवर येवोत, निदान घरातून ऐकू येणाऱ्या तरी.

आपला,
पोपटराव

ता. क. : बोंडलं परत पाठवत नाही. ठकी त्यात बोट घालून वाजवते.

दुसरं ता. क. : वर ‘हर्षदाला फार आनंद झाला’ असं लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. बाटली दाखवल्यावर ती “सगळं घेतलं?” म्हणाली. वच्छलाबाई म्हणाल्या, सगळं. मग ती बाटली घेऊन मोरीत गेली आणि नळाखाली धुवत बसली. एवढीशी बाटली, पण नळ कितीतरी वेळ चालू होता. मी पाणी वाया जातंय म्हणून सांगायला गेलो आणि न सांगता परत आलो. ठकी घेत नव्हती तोवर तिला नोकरीला जाता येत नाही याचं दुःख होतं. आता ठकी घेते, तर ठकीला आपल्यावाचून चालतं याचं. दोन्ही दुःखं खरी आहेत, आणि दोन्हींवर आमच्याकडे बाटली नाही.

तिसरं ता. क. : पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. कंपनीचा युनिफॉर्म इस्त्री करून खुंटीला आहे, ओळखपत्र त्याच्या खिशात आहे. हर्षदा त्याच्यासमोरून जाते-येते पण हात लावत नाही. मघाशी वच्छलाबाईंनी विचारलं, सोमवारी जाणार ना? तर म्हणाली, “आप्पा सोड म्हणले, आत्या. त्यांनी न्हाई म्हणल्यावर माझा पाय उचलत न्हाई.” आम्ही तिला जा म्हणतोय, हनुमंत म्हणतोय, ठकीनेही आपल्या परीने सांगितलं. पण सासरच्यांनी कितीही घंटा वाजवल्या तरी गाडी गार्डाच्या झेंडीशिवाय हलत नाही, हे मला नाही, तुम्हाला जास्त ठाऊक. प्रवाशांनी लक्ष द्यावे : वर रविवारी येऊ नये अशी जी सूचना दिली आहे ती रद्द करण्यात येत आहे. या. न्यायला येऊ नका, मुक्कामाला या. सोमवारपर्यंत राहा.

आणि शेवटचं : कंपनीची बस फाट्यावर उजाडता उजाडता येते. एसटी नव्हे, त्यामुळे कुणासाठी थांबत नाही. मी ठकीला कडेवर घेऊन उभा राहीन. वच्छलाबाईंच्या हातात बाटली असेल, गाव बघत असलं तरी. तुमच्या बाहेरच्या खोलीतली ती झेंडी येताना पिशवीत टाकता आली तर बघा. नाही जमलं तर नुसता हात वर केलात तरी पुरे. हर्षदाला तो हात लांबून ओळखता येतो.